जोडाक्षरांचा उन्हाळा

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला पहिला सोमवार. रक्कम चार हजार शंभर. हजर तिघं: मी, माझी बायको शोभा आणि नांदेडचा एक कॉम्प्युटर दुकानदार. वस्तू एकच, काळ्या रंगाचा लहान मेकॅनिकल कीबोर्ड, अडुसष्ट बटनांचा.

परवा लातूरच्या कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली, म्हणून हे सगळं आठवलं. मी डाळ मिलमध्ये हिशोब लिहितो आणि घरी येताना कोर्टाच्या फाटकावरून येतो. आवारातल्या लिंबाखाली टायपिस्टांची ओळ असते. परवा तिथं कुणी नव्हतं. टेबलं साखळीनं बांधलेली, त्यांवर पिवळ्या लिंबोळ्या पडलेल्या. बाहेरची रसवंतीसुद्धा बंद होती, चाकाचे घुंगरू गप्प. आणि टेबलाटेबलावर एकेक जुना कीबोर्ड, उलटा ठेवून सुतळीनं बांधलेला.

ही त्या ओळीची रीत आहे. चहाला उठा, घरी जा नाहीतर महिनाभराच्या सुट्टीवर जा, आपला कीबोर्ड उलटा करून जायचं. उलटा कीबोर्ड म्हणजे माणूस परत येणार आहे, जागेला हात लावू नका. सुलटा ठेवून कुणी गेलं तर ती जागा मोकळी, ज्याला बसायचं त्यानं बसावं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण कुणी मोडल्याचंही मी ऐकलेलं नाही. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं यायचं आणि स्वतःच्या हातानं आपला कीबोर्ड सुलटा करायचा.

गेल्या उन्हाळ्यात शोभाला एवढंच हवं होतं. कोर्ट उघडेल त्या दिवशी आपल्या टेबलापाशी जायचं, कीबोर्ड सुलटा करायचा आणि कामाला बसायचं.

शोभा मुखेडची. लग्नाआधी नांदेडला मशीनवर मराठी टायपिंग शिकली, ती खटखट अजून तिच्या बोटांत आहे. वकिलांचे अर्ज, भाडेपट्टे, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, सगळं तिनं त्या लिंबाखाली टाईप केलेलं. लोक तिच्याकडं यायचे कारण तिचं अक्षर चुकायचं नाही. मग एका थंडीत भाकरी थापताना उजवा हात तव्यापर्यंत जाईना. खांदा धरला असेल म्हणून तेल लावलं, शेक दिला. पुढं साडीच्या निऱ्या राहिनात. एप्रिलात नांदेडच्या डॉक्टरांनी सुया टोचून, तारा लावून तपासलं आणि सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. यावर औषध असं नाही. बोटं अजून चांगली आहेत, तेव्हा हात लांबवावा लागणार नाही असं काम ठेवा.

मी विचारलं, "किती दिवस?"

डॉक्टर म्हणाले, "किती ते सांगता येत नाही. कोणत्या बाजूला चाललंय, ते सांगता येतं."

परत येताना एसटीत शोभा खिडकीतून लोह्याच्या पुढची उघडी रानं बघत होती. अहमदपूर गेल्यावर म्हणाली, "बोटं चांगली हायत म्हणले न्हवं? मग बोटांचं बघा."

मी बोटांचं बघायला लागलो. मला दुसरं काय येतं? मोजायला येतं. आठवडाभर संध्याकाळी मिलमधून येताना लिंबाखाली तिच्या शेजारी फूटपट्टी घेऊन बसलो. तिचा मोठा कीबोर्ड चव्वेचाळीस सेंटिमीटर लांब होता. टोकापर्यंत जायला तिला कोपर उचलावं लागायचं, आणि तेच आता उचलत नव्हतं. ती कोणती बटनं वापरते ते मी बघत गेलो. वरची एफ लिहिलेली सगळी ओळ तिनं आठवड्यात एकदाही दाबली नाही. होम, एंड, पेजअप यांच्याकडं तिचं बोट गेलं नाही. बाणांची चार बटनं मात्र सारखी लागायची. राहिलेली मात्रा द्यायला ती माउस धरत नाही, बाणानं मागं जाते. म्हणून बाण नसलेला सगळ्यात लहान, एकसष्टचा कीबोर्ड मी बाद केला. सत्त्याऐंशीचा अजून रुंद पडत होता. मधला अडुसष्टचा नेमका होता. बाण आहेत, एफची ओळ नाही, उजवीकडचं आकड्यांचं पॅड नाही. आकड्यांचं पॅड हिला कशाला लागतंय, ते तर माझं काम, असं मी मनात म्हणालो आणि तो प्रश्न तिथंच मिटवला.

नांदेडच्या दुकानात थंडगार एसी होता आणि भिंतीवर रंगीत दिव्यांचे कीबोर्ड लावलेले. दुकानदारानं माझ्याकडं, मग शोभाकडं पाहिलं.

"गेमिंगसाठी का काका?"

"न्हाई, कोर्टासाठी," शोभा म्हणाली.

"कोर्टात गेम खेळायलेत का आता?"

"खेळतेत की. तारखा देतेत."

दुकानदार हसला आणि त्यानं दोन नमुने पुढं ठेवले. मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटनाखाली स्वतंत्र स्प्रिंग. एकाची स्प्रिंग पस्तीस ग्रॅमची, बोट ठेवलं की बटन खाली जाई, आवाज जवळजवळ नाही. दुसरी पन्नास ग्रॅमची, पण दाबलं की टक् असा स्वच्छ आवाज. मी हलका घ्या म्हणालो. हिशोब सरळ होता, जेवढं वजन कमी तेवढे दिवस बोट जास्त चालेल.

शोभानं दोन्हींवर बोटं ठेवून पाहिली. "ह्याचा आवाजच येईना. अक्षर उमटलं का न्हाई, हे मला कसं कळंल?"

"पडद्यावर दिसेल की."

"पडदा बघून टाईप करायला मी काय आज शिकायले का? मी कागद बघते. कान सांगतोय मला."

तिचंच खरं ठरलं. सवय तिची, बोटं तिची. आम्ही टक् वाजणारा घेतला. ते पंधरा ग्रॅम मात्र माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. हलका घेतला असता तर आठ दिवस वाढले असते का, चार वाढले असते का, याचं गणित मांडायला माझ्याकडं काही साधन नाही, आणि तरी मी ते मांडत बसतो.

येताना खोकं तिच्या मांडीवर होतं. गावागावात गाडी थांबायची, काकडीवाले खिडकीशी ओरडायचे, आणि ती खोक्याच्या पुठ्ठ्यावरच बोटं चालवत होती.

घरी आल्यावर कूलरसमोर टेबल लावलं. वाळ्याचा वास, पाण्याची टपटप, आणि तिनं टाईप करायला घेतलं. टक् टक् टक्. कोपर हलत नव्हतं. माझी फूटपट्टी बरोबर निघाली होती. मी स्वयंपाकघरात चहाला आधण ठेवलं, तोच हाक आली.

"अहो, द्द कुटाय?"

"काय?"

"द्द. मुद्द्यातला द्द. आकडे कुटायत ह्याचे?"

मी येऊन वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आकडे."

"हे न्हाईत ओ. इकडचे. उजवीकडचे."

मग तिनं मला समजावून सांगितलं. ती ज्या जुन्या फाँटात काम करते, त्यात काही जोडाक्षरांना बटनच नाही. ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या पॅडवर एक आकडा मारायचा. शून्य दोनशे सदतीस म्हणजे द्द. शून्य दोनशे चौतीस म्हणजे ट्ट. शून्य दोनशे पंचवीस म्हणजे सह्यांमधला ह्य. वरच्या ओळीतले आकडे मारून चालत नाहीत, पॅडचेच लागतात. आणि कोर्टाच्या कागदात द्द नाही असं पान नसतं. मुद्दा, हद्द, रद्द, मुद्देमाल. ट्ट तर घरपट्टीपासून भाडेपट्ट्यापर्यंत सगळीकडं.

आमच्या घरात आकडे माझे आणि अक्षरं तिची, अशी वाटणी मी लग्नापासून धरून चाललो होतो. रात्री जेवताना मी तुरीचे भाव सांगायचो, ती कुणाचं वाटणीपत्र झालं ते सांगायची. तिची अक्षरं आकड्यांतून निघतात, माझ्याहून जास्त आकडे तिला पाठ आहेत, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

"आता हो!" शोभा म्हणाली. "आठ दिवस पट्टी घेऊन बसलाव, आन् आकडेवाल्याला आकडेच दिसले न्हाईत!" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला हात वर येईना, तेव्हा मी तिच्याच पदरानं पुसलं.

चहा उतू गेला होता.

एवढ्यावरच भागलं नाही. मराठी टायपिंगमध्ये डावीकडचं वरचं कोपऱ्यातलं बटन फार महत्त्वाचं. मृत्युपत्रातल्या मृ ची खूण तिथं, आणि अक्षराचा पाय मोडायची खूणही तिथंच. लहान कीबोर्डात त्या जागेवर एस्केपचं बटन बसवलेलं होतं. पाय मोडायचा तर तीन बटनं एकदम धरावी लागत. शोभानं बोटं फाकवून पाहिली. "एका अक्षराचा पाय मोडायला तीन बोटं. माणसाचा ह्याच्यापेक्षा सोप्यात मोडतोय."

बदलून आणतो म्हणालो. ती नको म्हणाली. मोठ्यापर्यंत हात पोचत नाही आणि पोचतो त्यात अक्षर नाही, मधलं काही जगात मिळत असेल तर सांगा, म्हणाली. मी शोधलं. शहाण्णवचा एक असतो, पॅड चिकटलेला. पण त्यात पुन्हा तेच, हात लांब न्यावा लागतो. शेवटी माझ्या कपाटातलं आकड्यांचं सुटं पॅड काढलं. तळहाताएवढं, वायरचं. ते लॅपटॉपला लावून तिच्या उजव्या हाताशी ठेवलं, पण कीबोर्डवरून पॅडवर जाणं म्हणजे खांदा हलवणं आलंच.

"तुमीच धरा की ते," ती म्हणाली.

अशी आमची ती सुट्टी गेली. संध्याकाळी मिलमधून आलो की हातपाय धुवायचे आणि पॅड मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसायचं. समोर तिच्या जुन्या अर्जांची थप्पी, सरावासाठी. ती टाईप करत जायची, टक् टक् टक्, आणि जोडाक्षर आलं की डाव्या अंगठ्यानं ऑल्ट धरून म्हणायची, "द्द!" मी चार आकडे मारायचो. ती अंगठा सोडायची, तेव्हा पडद्यावर द्द उमटायचा. तिनं धरल्याशिवाय माझे आकडे नुसते आकडे, आणि मी मारल्याशिवाय तिचं धरणं फुकट. पहिल्या दिवशी मी उशीर करायचो. "झोपलाव का? ट्ट म्हणले मी." आठवड्यानं ती म्हणायच्या आधीच, घरपट्टीतला र गेला की माझं बोट शून्यावर जाऊन थांबायचं. खिडकीतून तापलेल्या सिमेंटचा वास यायचा, गल्लीत टँकर आला की घागरींचा आवाज व्हायचा, आणि आम्ही दोघं एकेक जोडाक्षर काढत बसलेलो. सुखाचे दिवस होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण तितकं जवळ आम्ही आधी कधी बसलो नव्हतो, हे खरं आहे.

एकदा मिलमध्ये मालकांनी मला बोलावलं. "एवढी तूर कुटून आणलाव हो?" पाहतो तर तेवीस क्विंटलच्या जागी मी दोनशे सदतीस भरलेले. हात आपोआप द्द काढून मोकळा झाला होता.

शोभाच्या शेजारच्या टेबलाची नसरीन दोनदा घरी आली. तिचे वडील गावातले टाईपरायटर दुरुस्त करायचे, ती शोभाच्या हाताखालीच तयार झाली. येताना कैऱ्या आणायची. "भाभी, तुमचा कीबोर्ड तसाच उलटा हाय बगा. मी जाताजाता बगून जाते. एकजण हात लावायलता, मी बोलले, खबरदार!" मग म्हणाली, "तुमी घरीच आराम करा ना. जागा मी धरते, जिंदगीभर धरते."

"तू धरून काय करू?" शोभा म्हणाली. "जागा बसून धरायची असती. उलटं ठिवून न्हाई."

एका वकीलसाहेबांनी फोनवर सुचवलं, की आता बोललं की आपोआप टाईप होतं, वहिनी, बोटांची गरजच नाही. तिनं एक दिवस करून पाहिलं. तिच्या मुखेडच्या बोलीतलं निम्मं त्या फोनला कळलं नाही. आणि त्याच दिवशी मला कळलं, की तिची जीभही थोडी जड पडत चालली आहे. फोनला आमच्या आधी ऐकू आलं होतं.

मे संपताना उजवी करंगळी गेली. दाबते म्हणायची, पण टक् वाजत नव्हतं. तिच्या टायपिंगमध्ये य करंगळीचा. न्यायालय या एका शब्दात तीन य आहेत. ती मधलं बोट आणून य काढायची, आणि त्यासाठी मनगट सरकवायला लागायचं, आणि मनगट सरकवायला श्वास घ्यावा लागायचा. मी कागद, आकडे, सेंटिमीटर घेऊन पुन्हा बसलो. याहून लहान काय असतं, याहून हलकं काय असतं. असतं की. चाळीस बटनांचाही असतो. पण मी मोजून आणीपर्यंत बोटं त्याच्या पुढं गेलेली असायची. सवय पाहून कीबोर्ड निवडावा म्हणतात. इथं सवयी तशाच होत्या, हात रोज थोडा जात होता.

कोर्ट उघडलं त्या दिवशी मी रजा टाकली. शोभानं गुलबक्षी रंगाची साडी नेसली, म्हणजे मी नेसवली, निऱ्या वाकड्या आल्या. रिक्षातून गेलो. ओळीत सगळ्यांनी आपापले कीबोर्ड सुलटे केलेले, फक्त हिचा उलटा. नसरीननं सुतळी सोडली आणि मागं सरकली. शोभानं डाव्या हातानं कड धरली. कीबोर्ड अर्धा उचलला गेला आणि परत पडला. नसरीनचा हात पुढं आला होता, तिनं तो मागं घेतला. दुसऱ्या वेळी शोभानं उजवं कोपर खाली सरकवलं आणि अंग पुढं झोकून तो सुलटा केला. धूळ उडाली. मग मोठा बाजूला सारून आम्ही लहान कीबोर्ड मांडला, पॅड माझ्या मांडीवर.

पहिलं गिऱ्हाईक रेणापूरचा एक म्हातारा, हद्दीच्या वादाचा अर्ज घेऊन आलेला. नेमकी हद्द. ओळीओळीला हद्द. शोभा "द्द" म्हणे, मी आकडे मारी. म्हातारा उभ्यानं बराच वेळ बघत होता.

"दोघं मिळून एक अक्षर काढायलाव. लई महाग पडंल की ओ बाई."

"अक्षराचे न्हाई घेत मामा. पानाचे घेते."

बाजूचे हसले. तीन पानं झाली. आधी तीन पानांना तिला चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागे. त्या दिवशी म्हातारा जेवून आला, पारावर एक डुलकी काढून आला, तेव्हा कुठं शेवटचं पान निघालं. त्यात एक चूक नव्हती. मी तपासलं, नसरीननं तपासलं. म्हाताऱ्यानं पानाला वीसप्रमाणे साठ रुपये टेबलावर ठेवले, अर्ज डोक्याला लावला आणि गेला.

शोभा कीबोर्डकडं बघत बसली. उन्हं लिंबाच्या मागं गेल्यावर म्हणाली, "चला."

मी तिचा मोठा कीबोर्ड मधे आणला आणि रीतीप्रमाणे उलटा करायला लागलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "सुलटाच राहू द्या."

नसरीन तोंडाला ओढणी लावून दुसरीकडं बघायला लागली. दोन दिवसांनी तिथं निलंग्याचा एक नवा टायपिस्ट बसला.

यंदाच्या उन्हाळ्यात शोभा खाटेवर असते. बोलणं मला तेवढं कळतं, तेही सगळं नाही. लहान कीबोर्ड तिच्या डाव्या हाताखाली आहे. वायर गुंडाळून रबर लावलेली, तो कशालाच जोडलेला नाही. पण वाजतो. स्पेसचं लांब बटन तिच्या एका बोटाला अजून दबतं. एकदा टक् म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे कूस बदला. कूलर चालू असला तरी स्वयंपाकघरापर्यंत आवाज येतो. पस्तीस ग्रॅमचा घेतला असता तर आला नसता. ते बोट आता किती चालेल ते मी मोजत नाही. कोणत्या बाजूला चाललंय ते माहीत आहे.

एक नोंद राहिली, ती त्या कोर्टाच्या दिवसाची. घरी आल्यावर ते साठ रुपये मी तिच्या डब्यात टाकले. तिची कमाई ती डब्यात ठेवायची, मी त्याला कधी हात लावला नव्हता. ती म्हणाली, "काढा ते."

"कशाला?"

"तुमची मजुरी. जोडाक्षरांची."

"निम्मे घेतो मग."

"सगळे घ्या. सुटी अक्षरं काय, कुणीबी काढंल." मग हाताकडं बघून म्हणाली, "तुमच्याच हातानं उचला. मी दिले म्हणून समजा."

मी उचलले. दिले साठ रुपये. देणार शोभा, घेणार मी. पोचले.